घराला चाकं लावण्याआधी: मावशीचे कानमंत्र

बाळा, तू ५८ चा झालास, सरकारनं शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवलं, तरी मला तू अजून आमच्या अंगणातल्या पेरूवरून पडून रडणाराच दिसतोस. तुझ्या आईचा फोन आला होता. "तो म्हणतोय राहायची गाडी घेणार, तू समजाव त्याला." मी काय कपाळ समजावणार? तुझे काका ओझरच्या विमान कारखान्यातून सुटले, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून सुटले, आणि पुढच्याच वर्षी आम्ही टेम्पो ट्रॅव्हलरच्या पोटात पलंग, ओटा आणि मोरी मांडून बसलो. त्याला आता बारा वर्षं झाली. तेव्हा समजावत नाही, नुसतं सांगते. जुन्या चुका आम्ही करून ठेवल्यात, तू नव्या कर.

आणि तुझ्या आईला सांग, हे काही परदेशी खूळ नाही. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा दिंडीच्या मागं पाण्याचं पिंप, चुली, तंबू आणि पातेली घेऊन जो ट्रक चालतो, ते आपलं जुनं मोटारहोमच. निघतोही तो निवृत्तीच्याच नावानं.

१. विकत घेण्याआधी भाड्यानं घे आणि चार रात्री राहा – पहिल्या तीन रात्री हौस झोपते, चौथ्या रात्री माणूस झोपतो. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलंय, भाड्याच्या गाड्या मिळतात, लाजू नकोस.

२. ग्रॅच्युइटी खात्यात आली त्याच महिन्यात मोठा चेक फाडू नकोस – नवा पैसा आणि नवं वासरू, दोन्ही उधळतात.

३. राहतं घर विकून गाडी घ्यायचा विचार मनात आला असेल तर तो आत्ताच काढून टाक – मागं उंबरा शाबूत असला की पुढं लांब जायचं भय वाटत नाही.

४. गाडीची नोंद 'खासगी वापराची कॅम्पर व्हॅन' अशी आहे का ते आरसीवर स्वतःच्या चष्म्यानं वाच. आत काही बदलायचं असेल तर आधी नाशिकच्या पेठ रोडच्या आरटीओची परवानगी, मग सुतार – अपघात झाला की विम्याचा माणूस तुझ्या पलंगाची पॉलिश बघत नाही, कागद बघतो. कागद पुढं, गाडी मागं.

५. लायसन्सची तारीख पाठ कर – पंचावन्न उलटली की ते एका वेळी पाचच वर्षांचं मिळतं आणि सोबत डॉक्टरचा दाखला लागतो. वजनाची काळजी नको, भरलेल्या गाडीचं कमाल वजन साडेसात टनांपर्यंत असेल तर आपलं साधं लायसन्स चालतं.

६. सगळं सामान भरून झालं की गाडी एकदा वजनकाट्यावर चढव. लासलगावला कांद्याचा ट्रॅक्टर भरलेला आणि रिकामा असा दोनदा काट्यावर जातो ना, तसं – आपल्याला वाटतं चार भांडी घेतली, काटा म्हणतो संसार घेतलास. आमच्या पहिल्या फेरीत पाटा-वरवंटा होता. हसू नकोस.

काकांची एक सवय मला लग्नानंतर पहिली काही वर्षं खुळ्यासारखी वाटायची. संध्याकाळी घरातलं काही दुरुस्त केलं की पाने-पकडी ओळीनं मांडून मोजायचे. मी विचारलं तर म्हणाले, विमानाचं काम संपलं की आधी हत्यारं मोजायची. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही, कारण तो आतच कुठंतरी असणार. गाडी घेतल्यावर मला ते खूळ उमगलं. उभ्या घरात विसरलेली वस्तू नुसती हरवते, चालत्या घरात ती उडते, सांडते, पेटते.

७. निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मार, रोज एकाच दिशेनं, दारापासून दारापर्यंत – मनाला येईल तसं फिरलं की एक कोपरा दोनदा बघितला जातो आणि एक राहतोच.

८. यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटव आणि मोठ्यानं वाच: गॅस बंद, छताची खिडकी बंद, प्लग काढला, कपाटांना कड्या, पायरी आत – मनात वाचलेल्या यादीवर मन आपणच टिकमार्क करतं. एकदा आमची पायरी बाहेरच राहिली होती. सिन्नरपर्यंत लोक हात करत होते, आम्हाला वाटलं गाडीचं कौतुक करताहेत.

९. चाकाला दगड लावू नकोस, लाकडी पाचर ठेव आणि तिला लाल दोरी बांध – दगड रस्त्यातच राहतो आणि रात्री एखादा दुचाकीवाला त्यावर आपटतो. दोरी दिसली की पाचर उचलायची आठवण होते.

१०. ताटल्यांच्या मध्ये जुन्या सुती साडीचे तुकडे घाल – गाडी चालताना भांडी वाजली की गाडीचा स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. नवा आवाज आला की थांबायचं. गाडी आधी कुजबुजते, मग कण्हते, ओरडते ती अगदी शेवटी.

११. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, ते वाचायला शीक. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर – आपल्या गाड्या धावतात कमी, उभ्या जास्त, त्यामुळे नक्षी कोरी राहते आणि रबर म्हातारं होतं. सहा वर्षांपुढच्या टायरवर माया करू नये.

१२. हवा सकाळी, चाकं थंड असताना मोज – तापलेलं टायर जास्त हवा दाखवतं, आणि आपण शहाण्यासारखी ती सोडून देतो.

आता पाणी, गॅस, वीज. पोरं गाडी घेतात ती पडदे बघून. भांडणं मात्र या तिघांवरून होतात.

१३. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, म्हणून टाकी मुक्कामाच्या अलीकडच्या गावात भर – घरून भरून नेलेल्या पाण्याला वाटभर डिझेल पाजावं लागतं. आणि अर्धवट टाकी घेऊन घाट चढू नकोस, प्रत्येक वळणावर पाणी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळतं आणि गाडीला ओढतं.

१४. पिण्याचं पाणी टाकीत मिसळू नकोस, त्याचा कॅन वेगळा – टाकीचा तळ आपल्याला कधीच नीट दिसत नाही. भरायची पाइप आपली स्वतःची ठेव आणि वापर झाला की तिच्या तोंडाला पिशवी बांध.

१५. अंघोळ बादली-तांब्यानं कर – शॉवर पाणी मोजत नाही, तांब्या मोजतो.

१६. शौचाची टाकी नदी, ओढा, शेत कुठंही रिकामी करायची नाही, कितीही अंधार असला तरी. गोदावरी आपल्याच ब्रह्मगिरीवरून निघते, माहेरच्या पाण्यात घाण टाकू नये. ढाबा, भक्तनिवास, पंप, जिथं सेप्टिक टँक आहे तिथं मालकाला विचार, वर चार पैसे दे – आणि टाकीत जहाल जंतुनाशक ओतत जाऊ नकोस, सेप्टिक टँकमधले जंतू मेले की तो माणूस पुढच्या वेळी दार उघडणार नाही.

१७. गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो, म्हणून जमिनीपाशी जाळीचं भोक हवंच. कोणी गालिचा अंथरून ते बुजवलं असेल तर गालिचा काढ. सकाळी उठल्यावर खाली वाकून वास घे, मग शेगडी – वास आधी, काडी मागून.

१८. गाडी चालत असताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद – धक्क्यांनी रबरी नळी कुठं सैल होईल ते तुला स्टिअरिंगवरून कळणार नाही.

१९. थंडीत गाडीच्या आत कोळशाची शेगडी नको, आणि इंजिन चालू ठेवून एसीत झोपणंही नको – त्या विषारी वायूला वास नसतो, जाग येत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा गजर देणारी डबी पलंगाजवळ बसव. या एका बाबतीत मी थट्टा करत नाही.

२०. बॅटरी म्हणजे पेन्शन, एक तारखेला उधळायची नाही. हिशेब सोपा आहे: १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-अवर, आणि जुन्या पद्धतीची ॲसिडची असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे – रोज तळ गाठला की ती लवकर मरते. पंचवीस वॅटचा पंखा आठ तास फिरला तर २०० गेले, उरलेल्यात दिवे, मोबाइल आणि पाण्याचा पंप.

२१. इंडक्शन आणि केटल बॅटरीवर लावू नकोस – दीड हजार वॅटची केटल दहा मिनिटांत अडीचशे वॅट-अवर पिऊन टाकते, म्हणजे तेवढ्यात आख्ख्या रात्रीचा पंखा गेला.

२२. ढाब्यावर प्लग मिळाला की आधी गाडीच्या दाराच्या कडीला टेस्टर लाव, मग हात – पुष्कळ ठिकाणी अर्थिंगची तार भिंतीतच संपलेली असते. आणि एक्स्टेन्शनची वायर पूर्ण उलगडून वापर, गुंडाळलेली वायर तापते.

रस्त्याचं सांगते. तू वीस वर्षं कार चालवलीस हे मला माहीत आहे. कार हे वासरू, ही म्हैस आहे. म्हशीला वळायला वेळ लागतो आणि थांबायला त्याहून जास्त.

२३. कसारा घाट ज्या गियरमध्ये चढशील त्याच गियरमध्ये उतर, ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नकोस – सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि नेमके शेवटच्या वळणावर ऐकेनासे होतात. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणाऱ्याला काका आपल्या गाडीची चहा-बिस्किटंसुद्धा देत नाहीत.

२४. आरशात ट्रकची रांग दिसली की बाजूला घे, जाऊ दे सगळ्यांना – त्यांना माल पोचवायचाय, आपली कोणी वाट बघत नाही.

२५. समृद्धीवर डाव्या बाजूनं, ठरलेल्या एकाच चालीनं जा आणि दर दोन तासांनी खाली उतर. नागपूरपासून आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये सगळा खुला झाला, पण तो सरळ आणि सारखा रस्ता डोळ्यांना अंगाई गातो – वळणाच्या रस्त्यावर माणूस घाबरून जागा राहतो, सरळ रस्त्यावर निवांत झोपतो. दुपारचं जेवण झालं असेल तर आधी वीस मिनिटं पलंगावर आडवा हो. मागं पलंग आहे, तो कशाला घेतलास?

२६. गाडीची उंची मोजून डॅशबोर्डवर ठळक लिही, छतावरच्या एसीसकट – पंपाचं छप्पर, रेल्वेचा बोगदा आणि वडाची फांदी हे कोणी हॉर्न ऐकून बाजूला होत नाहीत.

२७. दिवसाला दोनशे किलोमीटर बास, आणि चारच्या आत मुक्काम शोध – उजेडात जागा दिसते, अंधारात नुसती आशा दिसते.

२८. रिव्हर्स घेताना सूनबाईला, म्हणजे तुझ्या बायकोला, मागं उभं करून ओरडू नकोस, दोघं फोनवर बोला. आपल्याकडं "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" हे फार आवडीनं म्हणतात, "बास" मात्र धडकल्यावर – आमच्या मागच्या बंपरवर दोन 'बास' अजून आहेत.

२९. मुक्कामाच्या जागी आधी माणूस शोध, मग सावली. मंदिराचा पुजारी, पंपाचा मॅनेजर, शेताचा मालक, कोणीतरी हवं – विचारून लावलेली गाडी पाहुणी, न विचारता लावलेली संशयित.

३०. दिंडोरी-पिंपळगावकडं द्राक्षबागेत मुक्काम मिळाला तर भाग्य, पण उद्या फवारणी आहे का हे रात्रीच विचार – पहाटे ब्लोअर फिरला की औषध घडांवर कमी आणि आपल्या उघड्या खिडकीतून चहात जास्त. घड तोडायचा नाही हे तुला सांगायला नको, नातवाला सांग.

३१. वड, उंबर, पिंपळ यांच्याखाली रात्रभर गाडी लावू नकोस – वर पाखरांची पंगत, खाली आपलं सोलर पॅनेल. सकाळी पाटी अशी रंगते की दुपारपर्यंत वीज नाही.

३२. नांदूरमध्यमेश्वरला हिवाळ्यात जा आणि जनरेटर घरी ठेवून जा. महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा आहे ती, पक्षी कुठून कुठून येतात – आणि आपण त्यांना भुकभुक ऐकवायची? तसंच मेच्या शेवटी भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलास तर हेडलाइट बंद, गाडी लांब, पायी जा. उजेडात काजवे एकमेकांना हरवून बसतात.

३३. सप्तशृंगीला जाताना गाडी नांदुरीत ठेव आणि एसटीनं गडावर जा, पुढं फनिक्युलर आहेच – देवीला तुझी गाडी नाही, तू हवा असतोस.

३४. गाडी सपाट लागली का हे बघायला वाटीत पाणी घेऊन ओट्यावर ठेव, उतार असेल तर चाकाखाली फळी सरकव – डोकं खाली आणि पाय वर ठेवून झोपलं की सकाळी दोघांचंही डोकं धरतं आणि दोष एकमेकांना जातो.

३५. औषधं दोन ठिकाणी ठेव, महिनाभराची कपाटात, आठवड्याची अंगावरच्या पिशवीत, आणि चिठ्ठीवर गोळीच्या ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नाव लिही – आपल्या ब्रँडची गोळी परगावच्या दुकानात नसते, मूळ औषध असतं.

३६. सूनबाईचं इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीच्या खणात कधीही नको. फ्रीज बंद पडला तर कोऱ्या मातीच्या मडक्यात, ओल्या फडक्यात, सावलीत – बंद गाडी दुपारी भट्टी होते आणि इन्सुलिन बिघडलेलं दिसतही नाही.

३७. नोव्हेंबर आला की जिथं असशील तिथून हयातीचा दाखला दे. जीवन प्रमाण आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं – आम्ही पहिल्या वर्षी हिंडत राहिलो आणि डिसेंबरात पेन्शन थांबली. काका म्हणाले, जिवंत असल्याचा एवढा आनंद घेतला, फक्त कळवायचं राहिलं.

३८. १०८ रुग्णवाहिका, ११२ पोलीस, १०३३ राष्ट्रीय महामार्गाची मदत, हे तीन आकडे आरशाखाली चिकटव, आणि शेजारी दोघांचे रक्तगट – ऐनवेळी मोबाइल सापडतो पण चष्मा सापडत नाही, म्हणून अक्षर मोठं काढ.

३९. सूनबाईला गाडी चालवू दे. "ती घाबरते" हे तू ठरवायचं नाही. मी एकसष्टाव्या वर्षी शिकले, मैदानात नाही, थेट वणीच्या रस्त्यावर – ज्या घराला दोघांच्या हाताची सवय नाही, ते एकाच्या तापानं अडकून पडतं. काकांना मनमाडजवळ डेंग्यू चढला तेव्हा नाशिकपर्यंत गाडी मीच आणली. ते मागं पडल्या पडल्या "क्लच" म्हणत होते.

४०. भांडण झालं की एकानं खाली उतरून चालायला जायचं, आणि किल्ली आत बसलेल्यानं घ्यायची नाही – बंगल्यात रुसायला दुसरी खोली असते, इथं फक्त ड्रायव्हरची सीट असते, आणि रागात तिच्यावर बसू नये.

४१. दुसरी किल्ली त्याच गाडीत ठेवून तिला 'जादाची' म्हणू नकोस – ती सूनबाईच्या गळ्यात हवी.

४२. पावसाळ्याआधी, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, छतावर पाइपनं पाणी सोड आणि आत टॉर्च घेऊन बस. जिथं थेंब दिसेल तिथं जुनं सीलंट खरवडून नवं भर – जूनमध्ये इगतपुरी ते काम तुझ्यासाठी करेल, पण गादीवर. सीलंटवर सीलंट थापू नकोस, खरवडणं हेच खरं काम आहे.

४३. चार महिने गाडी उभी राहणार असेल तर कपाटांची दारं उघडी, गाद्या उभ्या, आणि पंधरा दिवसांनी एकदा गल्लीला वळसा – बंद प्लायवूड मुकाट्यानं फुगतं आणि एकाच जागी उभं राहिलेलं टायर एका बाजूनं बसतं.

४४. अशा उभ्या गाडीत धान्याचा दाणासुद्धा ठेवू नकोस. उंदीर येतो तो तांदळासाठी, पण जेवतो वायरी – आमच्या इंडिकेटरचं काम करणाऱ्या कारागिरानं आत बघून विचारलं होतं, "मावशी, यात राहतं कोण?"

४५. २०२७ मध्ये सिंहस्थाच्या पर्वणीला गाडी घेऊन पंचवटीकडं येऊ नकोस – त्या दिवशी नाशिकात पायांना जागा नसते, चाकांना कुठून मिळणार? हवं तर त्या आठवड्यात तू गाव सोड आणि घराची किल्ली एखाद्या यात्रेकरू नातेवाइकाला दे.

आणि पहिली रात्र महाबळेश्वरला नको, गोव्याला तर नकोच. आमच्या अंगणात लाव. काय विसरलं ते रात्री दहाला कळेल, तेव्हा चमच्यापासून चादरीपर्यंत सगळं दहा पावलांवर असेल. नळाची तोटी पेरूच्या मागं आहे, ती डावीकडं फिरवून वर उचलावी लागते. मोत्या पहाटे साडेपाचला भुंकेल, दुधाची गाडी येते म्हणून, घाबरू नका. चहा सहाला टाकते.